खाडीकाठचे हिवाळी पक्षी: आधी भरतीचे कोष्टक, मग दुर्बीण

किनाऱ्यालगतच्या खाजणात, खाडीच्या चिखलात किंवा मिठागरांवर पक्षी पाहायला गेलेल्यांची निराशा होते ती बहुतेक एकाच कारणाने. निघायची वेळ त्यांनी सूर्योदय पाहून ठरवलेली असते. जंगलात किंवा माळावर तो हिशेब बरोबर आहे. किनाऱ्यावरच्या चिखलपक्ष्यांचा दिवस मात्र पाण्यावर चालतो. ओहोटीने चिखल उघडा पडला की ते चरतात, मग दुपार असो की मध्यरात्र. भरतीने चिखल बुडाला की उंचवट्यावर गोळा होऊन झोप काढतात. पहाटे साडेसहाला पोचलात आणि ओहोटी अगदी तळाला असेल, तर पक्षी दीड किलोमीटर दूर, पाण्याच्या कडेला ठिपक्यांसारखे दिसतील. तेवढ्या अंतरावर कितीही महागडी दुर्बीण उपयोगाची नाही.

भरतीचा हिशेब

सर्वांत जवळच्या बंदराचे भरतीचे कोष्टक काढा. त्यात दोन गोष्टी पाहायच्या, भरतीची वेळ आणि पाण्याची उंची. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटे जातात आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्याभरात ती जवळपास सहा तास सरकते, म्हणजे आज ज्या वेळी भरती आहे त्या वेळी पुढच्या आठवड्यात ओहोटी असते. म्हणून एखादा रविवार छान जमला तर लगेच पुढचा रविवार धरू नका, त्याच्या पुढचा धरा. काही मोजक्या किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते. तिथे हा हिशेब लागू होत नाही, कोष्टकच प्रमाण.

उंची वेळेइतकीच महत्त्वाची. अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती येते: पाणी खूप वर चढते, तसेच खूप खालीही जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी. पक्षीनिरीक्षणाला या दोन्ही टोकांपेक्षा मधली भरती बरी. ऐन उधाणात काठाचा शेवटचा पट्टाही बुडतो आणि पक्षी तुमच्यासमोरून उठून कुठल्यातरी मागच्या तळ्यावर किंवा शेतात निघून जातात. भांगाला उलटे होते. पाणी काठापर्यंत येतच नाही, त्यामुळे दूर चरणाऱ्या पक्ष्यांना जवळ सरकायची गरज पडत नाही. प्रत्येक जागेचा स्वतःचा एक आकडा असतो, ज्या उंचीला पक्षी समोरचा चिखल सोडतात तो. पक्षी उठले ती वेळ टिपून ठेवा आणि कोष्टकावरून त्या वेळची उंची काढा. असे काही वेळा केले की तो आकडा हाती येतो आणि पुढचे सगळे बेत सोपे होतात.

उधाणाचा एक अपवाद आहे. पाणकोंबड्यांच्या जातकुळीतले लाजरे पक्षी आणि पाणलावे एरवी गवतातून बाहेर येत नाहीत. गवत बुडायला लागले की त्यांना काठावर यावेच लागते. त्यांच्यासाठी जायचे असेल तर मुद्दाम सर्वांत मोठी भरती निवडा आणि बांधावरच थांबा.

एकाच जागी उधाणाची भरती नेहमी साधारण त्याच वेळी येते, हेही लक्षात ठेवा. जिथे ती दुपारी बाराच्या सुमारास येते तिथे दर अमावस्या-पौर्णिमेला ती दुपारीच येणार आणि सकाळ-संध्याकाळ ओहोटी असणार. नवी जागा निवडताना हे एकदा पाहून ठेवले की महिन्यातले कोणते दिवस कामाचे, ते पंचांगावरूनही कळते.

कोष्टकातली वेळ बंदराची असते. खाडीत आत जावे तसे पाणी उशिरा पोचते, काही ठिकाणी अर्धा तास, लांब खाडीत तासापेक्षाही जास्त. वारा समुद्राकडून जोरात येत असेल तर पाणी कोष्टकापेक्षा वर चढते. हवेचा दाब कमी असेल तरीही तेच होते. दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की पातळी सुमारे 1 सेंटिमीटर वाढते.

आता पोचायची वेळ. भरती पूर्ण होण्याआधी तीन तास जागेवर हजर असा. पाणी सहा तास एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात पुन्हा एक भाग, असा तो साधारण हिशेब. एकूण चढ 3 मीटर असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी प्रत्येकी 75 सेंटिमीटर वर येते. चिखलाचा उतार 500 मीटरला 1 मीटर इतका मंद असेल, तर तासाभरात पाण्याची कड पावणेचारशे मीटर आत सरकते आणि तिच्या पुढे-पुढे पक्षी तुमच्याकडे ढकलले जातात. तुम्ही एका जागी बसून राहायचे, अंतर कमी करायचे काम पाणी करते. उतरत्या पाण्यावरही पक्षी दिसतात, विशेषतः काठाजवळचा चिखल पहिल्यांदा उघडा पडतो तेव्हा. पण पुढे ते पाण्यामागे दूर जात राहतात, म्हणून हातात एकच फेरी असेल तर चढते पाणी घ्या.

जागा आणि उजेड

उपग्रह नकाशावर आधी तीन ठिकाणे शोधा: चरण्याचा चिखल, त्याला लागून एखादा बांध किंवा पक्की वाट, आणि भरतीच्या वेळी पक्षी जिथे विसावतील अशी मोकळी जागा. ती मिठागरे असू शकतात, मागची उथळ तळी किंवा वाळूचा दांडा असू शकतो. विसाव्याची जागा सहसा उघडी असते. चहूबाजूंनी शिकारी पक्षी दिसावा म्हणून ते झाडांपासून लांब बसतात. चढत्या पाण्याचे दोन-अडीच तास चिखलापाशी आणि भरतीचा तास विसाव्याच्या जागेसमोर, पण लांबून पाहत, अशी दिवसाची मांडणी करा. मिठागरे खासगी असतात, बंदराचे आवार बंद असते, अभयारण्याला प्रवेशाच्या वेळा असतात. परवानगी आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

उजेड पाठीमागून आला पाहिजे. पश्चिमेला समुद्र असेल तर सकाळची भरती उत्तम, पूर्वेला असेल तर दुपारनंतरची. सूर्य समोर असेल तर ओल्या चिखलाच्या चकाकीत सगळे पक्षी काळे दिसतात, पायांचा रंगही कळत नाही आणि निम्मी ओळख तिथेच संपते. बेत आखताना भरती आणि सूर्य यांत निवड करावी लागली तर भरती निवडा आणि बसायची जागा बदला.

पाण्याखालची जमीन कशी आहे त्यावरूनही काय दिसणार याचा अंदाज येतो. मऊ चिखलात लांब चोचीचे पाणटिवळे, रेडशँक, डनलिन. वाळूच्या किनाऱ्यावर लाटेमागे-लाटेपुढे पळणारे सँडरलिंग. खारफुटीतल्या अरुंद ओहोळांच्या काठी तुतारी, टेरेक सँडपायपर, व्हिम्ब्रेल. पाऊल-दोन पाऊल खोल तळ्यात शेकाटे आणि बदके. बदके दिवसा बहुधा झोपलेलीच दिसतात, कारण त्यांतली बरीच रात्री चरतात. त्यांना पाहायला संध्याकाळ बरी, तेव्हा ती उठून जातात.

सामान

दुर्बीण 8×42 किंवा 10×42 (पहिला आकडा किती पट मोठे दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये). थंडीच्या मंद उजेडात आणि वाऱ्यात 8 पटीत हाताची थरथर कमी जाणवते आणि विस्तीर्ण थव्यात पक्षी पटकन सापडतो. 10 पट घेतली तर कोपर टेकवायची सवय लावा. नवी दुर्बीण घेतल्यावर डोळ्यांतला फरक जुळवून घ्या: उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी स्पष्ट करा, मग डावे झाकून उजव्या नेत्रिकेवरची कडी फिरवून तीच वस्तू स्पष्ट करा. पुढे फक्त मधले चाक वापरायचे. बरेच जण ही पायरी गाळतात आणि तासाभराने डोके दुखले की दुर्बिणीला नावे ठेवतात.

खाडीवर खरे काम स्पॉटिंग स्कोपचे, म्हणजे स्टँडवर लावून एका डोळ्याने पाहायच्या दुर्बिणीचे. 65 ते 85 मिलिमीटर भिंग, 20 ते 60 पट झूम, आणि कोनात वाकलेली नेत्रिका, म्हणजे वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना एकाच स्टँडवर पाहता येते. शोध नेहमी 20-25 पटीवर घ्या, पक्षी सापडल्यावर वाढवा. उन्हाने चिखल तापला की वर हवा लहरू लागते. मग 60 पटीवर पक्षीही लहरतो आणि पट वाढवून काही फायदा होत नाही. अशा वेळी झूम उतरवा आणि जवळचे पक्षी घ्या. वाऱ्यात स्टँडचा मधला दांडा वर काढू नका. पाय आखूड ठेवा, बसून पाहा, मधल्या आकड्याला पिशवी अडकवा.

बाकी: मळकट रंगाचे, थरांत घालता येतील असे कपडे आणि वर वारा अडवणारे जाकीट, कारण उघड्या बांधावर वारा तापमानाच्या आकड्यापेक्षा जास्त बोचतो. कडेची टोपी. पातळ हातमोजे, ज्यांतून फोकसचे चाक फिरवता येईल. प्रत्येकी दोन लिटर पाणी. फोनसाठी जलरोधक पाकीट. वही आणि पेन्सिल, कारण ओल्या कागदावर पेन चालत नाही. पाय रुतणार नसतील तिथे गुडघ्यापर्यंतचे गमबूट चांगले. खारफुटीजवळ पातळ तळव्याचे बूट नकोत, चिखलातून वर आलेली तिची श्वसनाची मुळे टोचतात.

राखाडी थव्यातून ओळख

हिवाळ्यात चिखलपक्षी वीण-पिसारा टाकून राखाडी-तपकिरी झालेले असतात. चित्र उघडून रंग जुळवायला बसलात तर सगळ्याच जाती एकसारख्या वाटतील. उलट क्रमाने जा: आधी चरण्याची तऱ्हा, मग आकार, चोच, पाय, आणि शेवटी पिसारा. उडताना पंख आणि पाठ दिसली तर ती सर्वांवर शिक्कामोर्तब करते.

चरण्याची तऱ्हा अर्धा किलोमीटरवरूनही कळते. चिखल्या, म्हणजे प्लोव्हर, पळतो, थबकतो, टोचतो, पुन्हा पळतो. तो डोळ्यांनी भक्ष्य शोधतो, म्हणून डोळा मोठा आणि चोच आखूड. पाणटिवळे, कर्ल्यू, डनलिन चोच चिखलात खुपसून स्पर्शाने शोधतात. चोचीच्या टोकाशी संवेदनशील पेशींचे पुंजके असतात आणि टोक जमिनीत असतानाच थोडे उघडता येते. छोटा टिलवा, म्हणजे लिटल स्टिंट, शिवणयंत्राच्या सुईसारखा वरवर टोचत राहतो. त्याची चोच दोन सेंटिमीटरहून आखूड, तर मोठ्या मादी कर्ल्यूची चोच 15 सेंटिमीटरपर्यंत जाते. म्हणूनच दोघे एकाच चिखलात शेजारी चरतात, पण खाद्य वेगवेगळ्या थरांतले. उलट्या वळणाच्या चोचीचा अ‍ॅव्होसेट पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवतो. टेरेक सँडपायपर मान खाली घालून इकडून तिकडे वेड्यासारखा धावतो. एवढ्यावरूनही त्याचे नाव सांगता येते.

आकारासाठी एक ओळखीचा पक्षी मापाला धरा. रेडशँक त्याला योग्य, कारण तो बहुतेक ठिकाणी असतो आणि त्याची लांबी 28 सेंटिमीटरच्या आसपास असते. नारिंगी-लाल पाय आणि उडताना पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी. त्याच्याहून थोडा मोठा, पाय हिरवट, चोच किंचित वर वळलेली, उडताना पाठीवर वर चढत गेलेली पांढरी पाचर, आणि ओरडला तर तीनदा स्पष्ट ‘ट्यू-ट्यू-ट्यू’: ग्रीनशँक. त्याहून बराच लहान, खांद्यापुढे पांढरा पट्टा वर चढलेला, मागचा भाग सतत वर-खाली: सामान्य तुतारी.

नेहमी फसवणाऱ्या जोड्या अशा. कर्ल्यू आणि व्हिम्ब्रेल: व्हिम्ब्रेल लहान, डोक्यावर गडद-फिकट पट्टे, चोच टोकाजवळ एकदम वाकलेली. कर्ल्यूचे डोके साधे आणि चोच लांब कमानीसारखी. शंका असेल तर आवाजाची वाट पाहा. व्हिम्ब्रेल एका सुरात सहा-सात वेळा भरभर किणकिणतो. काळ्या शेपटीचा पाणटिवळा आणि पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा: बसलेले असताना पाठ पाहा, पहिल्याची सपाट राखाडी, दुसऱ्याची रेषाळ. उडाले की प्रश्नच उरत नाही, काळ्या शेपटीवाल्याच्या पंखात झळझळीत पांढरी पट्टी असते, दुसऱ्याच्या नसते. ग्रे प्लोव्हर आणि सोन चिखल्या: उडताना पंखाच्या बगलेत काळा डाग दिसला की ग्रे प्लोव्हर. डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर: दुसऱ्याची कंबर पूर्ण पांढरी, पहिल्याच्या कंबरेवर मधोमध गडद रेघ. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी: पंखांची खालची बाजू हिरव्या तुतारीची काळपट, ठिपकेवालीची फिकट.

सँड प्लोव्हरच्या बाबतीत मात्र हट्ट धरू नका. लेसर आणि ग्रेटर यांतला फरक चोच, पाय आणि शरीराच्या प्रमाणाचा आहे आणि दूरचा एकटा पक्षी अनुभवी माणसांनाही चकवतो. त्यात आता लेसर सँड प्लोव्हरच्याच सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन जाती मानतात. नोंदीत ‘सँड प्लोव्हर, जात निश्चित नाही’ लिहिणे चुकीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी.

महिना कोणता हेही ध्यानात ठेवा. उत्तर गोलार्धात डिसेंबर ते फेब्रुवारी थवे स्थिर असतात आणि पिसारा सर्वांत फिका. मार्च-एप्रिलमध्ये काहींवर विटकरी, काळे रंग चढू लागतात आणि ओळख सोपी होते. शरद ऋतूत आधी प्रौढ येतात, त्या वर्षीची पिल्ले मागून. त्यांच्या पाठीवरच्या पिसांना नीटस फिकट कडा असतात.

थवा अचानक उठला तर त्याच्याकडे पाहत बसू नका, आधी वर आणि मागे पाहा. दलदलीवरून संथ तरंगणारा भोवत्या हा शिकारी पक्षी असेल तर त्याच्या वाटेतले पक्षीच उठतात आणि तो पुढे गेला की बसतात. बहिरी ससाणा असेल तर सगळी खाडी एकदम हवेत आणि लहान पक्षी दाट गोळा करून वळसे घेतात.

किती जवळ जायचे

पक्षी स्वतःच सांगतात. चरणे थांबवून माना वर आल्या तर थांबा. काही जण डोके झटकू लागले, तुमच्यापासून दूर चालू लागले किंवा पंख ताणू लागले तर दहा-पंधरा पावले मागे या. पुढचे पाऊल टाकलेत तर ते उडणारच. विसाव्याच्या जागेवर हा नियम आणखी कडक, कारण भरतीच्या वेळी त्यांना बसायला दुसरी जागा जवळपास नसते आणि उठवलेला थवा कधीकधी पुढची दोन तास हवेत फिरतो. यात खर्च होते ती साठवलेली चरबी. 2022 मध्ये ट्रान्समीटर लावलेला एक पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा अलास्काहून निघून न थांबता 13,560 किलोमीटर उडत 11 दिवसांनी टास्मानियाला उतरला. अशा प्रवासाची चरबी याच चिखलावर जमते, म्हणून परतीच्या आधीचे मार्च-एप्रिलचे आठवडे सर्वांत नाजूक.

बांधावर उभे राहिलात तर आकाशावर तुमची आकृती उठून दिसते. उताराच्या अलीकडे बसा. फोटोसाठी सर्वांनी एकाच वेळी पुढे सरकणे, ड्रोन, आवाजाची ध्वनिफीत, मोकळा कुत्रा, हे नकोच. जवळचा फोटो हवा असेल तर भरतीच्या तीन तास आधी येऊन बसा आणि हलू नका. पाण्याबरोबर पक्षी आपणहून वीस-पंचवीस मीटरवर येतात.

मोजणी आणि पायातले झेंडे

मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजा, तेवढ्या जागेचा आकार डोळ्यांत धरा, तसे दहा घेऊन शंभराचा तुकडा करा आणि तो तुकडा थव्यावर सरकवत जा. नवशिक्याचा आकडा जवळपास नेहमी खऱ्यापेक्षा कमी येतो, उडत्या दाट थव्याचा तर फारच. दोघांनी वेगवेगळे मोजून मग आकडे सांगा, आधी नाही. जाती मिसळलेल्या असतील तर एकूण आकडा घेऊन मग स्कोपमध्ये शंभरेक पक्ष्यांत प्रमाण काढा. नोंदीत सुरुवातीची-शेवटची वेळ आणि भरतीची स्थिती हवीच, नाहीतर पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना होत नाही. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. तिच्यात अशाच नोंदी लागतात.

एखाद्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी खुणेसाठी अडकवलेले रंगीत कडे किंवा छोटा झेंडा दिसला तर बाकी सगळे सोडून तो वाचा. चार गोष्टी लिहा: पाय डावा की उजवा, आणि तो पक्ष्याचा, तुमच्या बाजूचा नव्हे. गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली. वरून खाली रंगांचा क्रम. झेंड्यावरची अक्षरे. रंगांच्या जोडीवरून तो कुठल्या देशात अडकवला ते कळते, अक्षरांवरून तो नेमका पक्षी. फोटो धूसर आला तरी ठेवा. न वाचता आलेले अक्षर अंदाजाने भरू नका.

चिखल

चिखलावर उतरायचे नाही. वरून घट्ट दिसणारा थर दहा पावलांवर मांडीपर्यंत नेतो. दुसरा धोका ओहोळांचा. भरतीचे पाणी समोरून पसरण्याआधी ओहोळांतून तुमच्या मागे शिरते, आणि समोर अजून कोरडे दिसत असताना परतीची वाट बुडालेली असते. दांड्यावर किंवा वाळूच्या बेटावर गेलाच असाल तर ओहोटीचा तळ गाठल्यावर तासाभरात परत निघा.

पाय रुतला तर दुसऱ्यावर जोर देऊन उपटायचा प्रयत्न करू नका, तोही रुततो. मागे रेलून बसा किंवा आडवे व्हा, वजन पसरू द्या, रुतलेला पाय बारीक-बारीक हलवून भोवती पाणी शिरू द्या आणि हळू ओढा. बूट निघत नसेल तर सोडून द्या. मग रांगत, आलात त्याच वाटेने मागे या. सोबत्याने जवळ न येता स्टँड, काठी किंवा फळी पुढे करावी. भरती चढत असेल तर आधी मदतीला फोन, मग बाकीचे. एकट्याने जात असाल तर कुठल्या बांधावर आहात आणि किती वाजता परतणार ते घरी सांगून ठेवा.

घरी आल्यावर स्टँडचे पाय त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, सांधे उघडून वाळवा, नाहीतर मीठ महिन्याभरात खिळे पकडते. भिंगावर आधी फुंकणीने वाळूचे कण उडवा, मग गोड्या पाण्यात किंचित ओलावलेल्या मऊ कापडाने पुसा. कोरड्या कापडाने लगेच पुसले तर मिठाचे कण लेपावर ओरखडे काढतात. दुर्बीण ओलसर असताना पेटीत बंद करू नका. रात्रभर उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी सिलिका जेलच्या पुडीसह पेटीत ठेवा.